कडेला कोण उभं राहणार

“यो कोन?”

सुंदराबाईंनी भिंतीवरच्या फोटोच्या डाव्या कडेला बोट टेकवलं आणि हे विचारलं, तेव्हा कमळाकरशेठच्या दिवाणखान्यात चहा होता, चिवडा होता, आणि दुर्दैवानं मीही होतो. फोटो मी काढलेला होता. कमळाकरशेठच्या लेकीच्या, रंजिताच्या साखरपुड्यात सगळी भावकी मी एका चौकटीत बसवली होती आणि शेठनी तो फोटो इतका मोठा करून लावला होता, की त्याच्यासाठी सोफा दुसऱ्या भिंतीला न्यावा लागला. मधोमध रंजिता. तिच्या पापण्या एकेक करून मोजाव्यात. तिथून नजर कडेकडे न्यावी तसतशी माणसं विरघळत गेलेली, आणि अगदी डाव्या टोकाला उन्हात ठेवलेल्या लोण्याच्या गोळ्यानं हिरवं लुगडं नेसावं तसं काहीतरी.

“तूच गो ती,” विमलबाई म्हणाल्या. विमलबाई म्हणजे कमळाकरशेठच्या आई. सुंदराबाई त्यांची धाकटी जाऊ, राहायला जासईला.

“मी? मना तोंड हाय. हिला नाय.”

“आता फोटूच हाय तो, आला नसंल नीट.”

“तुजा आला. नवरीचा आला. त्या कुंदनचे कुत्र्याचा पन आला. माझाच कसा पुसला?”

कुत्रा मधोमध बसला होता, हे मला त्या क्षणी फार लागलं.

सुंदराबाईंनी पदर खोचला, चप्पल घातली आणि उंबऱ्यावरून सांगितलं, “ज्या घरान माझा तोंड पुसला, त्या घरान मी धवला गानार नाय.”

ज्यांना आगरी लग्न ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की धवला म्हणजे नुसतं गाणं नव्हे. हळदीपासून मांडवापर्यंत प्रत्येक कामाला धवला लागतो. एक बाई ओळ सोडते, दुसरी ती वरच्यावर झेलते. विमलबाई सोडणाऱ्या, सुंदराबाई झेलणाऱ्या. दोघींचे आवाज असे, की एकीचा संपला कुठं आणि दुसरीचा लागला कुठं, हे मांडवाच्या खांबालाही कळू नये. झेलणारी नसेल तर सोडणारीनं ओळ टाकायची कुठं?

कमळाकरशेठ मला लिफ्टपर्यंत सोडायला आले. “विलासभाऊ, तुमी टेन्शन घेऊ नका,” ते म्हणाले. “फक्त काय हाय, काकी नाय आली तं आय गानार नाय. आय नाय गायली तं रंजिता मांडवान बसनार नाय, तसं बोललीच हाय ती. बाकी टेन्शनचं काय नाय.”

लिफ्टमध्ये आरसा आहे. त्यात मी मात्र कडेपर्यंत स्पष्ट दिसत होतो.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी सरकारी कचेरीच्या नकाशा शाखेतून निवृत्त झालो. हे जे सरळ सेक्टर, सरळ रस्ते आणि सरळ नाले तुम्हाला सानपाड्यात दिसतात, त्यांतल्या काही रेषांना माझ्या पेन्सिलीचा स्पर्श झालेला आहे. आमची, म्हणजे माझी आणि शेठचीही, सोसायटी जिथं उभी आहे तिथं पूर्वी कमळाकरशेठच्या वडिलांचं भात डुलायचं. शेठ कधीकधी गच्चीवरून खाली बघत म्हणतात, “आमचे बांध वाकडे होते भाऊ, पान्यासारके. तुमी लोकांनी फूटपट्टी लावली.” मी ते कौतुक समजत आलो आहे. निवृत्तीनंतर कॅमेरा घेतला तेव्हाही फूटपट्टी सुटली नाही. साखरपुड्यात मी हॉलच्या फरशीवर सुतळी ताणून खडूची रेघ मारली होती आणि सगळ्या भावकीची पायाची बोटं त्या रेघेला लावली होती. इतकी सरळ रांग शाळेच्या प्रार्थनेतही लागत नाही. आणि तरी हा अपमान.

घरी येऊन मी जयमालाला सगळं सांगितलं. तिनं भाजी ढवळता ढवळता विचारलं, “अहो, पण फोन होता ना खिशात? फोननं काढायचा.”

संसारात काही वाक्यं अशी असतात, की त्यांना उत्तर देऊ नये, फक्त बाल्कनीत जाऊन उभं राहावं. मी बाल्कनीत उभा राहिलो आणि तिथंच ठरवलं. गुन्हेगार शोधायचा. कॅमेऱ्यात संशयित दोनच. एक लेन्स, म्हणजे पुढची काच, डोळा समजा. दुसरा सेन्सर, म्हणजे आतला चौकोनी पडदा, ज्याच्यावर चित्र उमटतं. दोघांपैकी कोण कडेला मऊ पडतंय ते सिद्ध करायचं, त्याला दुरुस्त करायचं किंवा घालवून द्यायचं, आणि सुंदराबाईंचं तोंड त्यांना सन्मानानं परत करायचं.

यासाठी लागते सपाट भिंत आणि तिच्यावर बारीक अक्षरांचं काहीतरी. वर्तमानपत्रासारखं उत्तम काही नाही. कंपाउंडच्या भिंतीवर मी पहिलं पान चिकटवतोय तोच आमच्या सेक्रेटरी उज्वलाताई वॉचमनच्या खुर्चीवरून उठल्या.

“विलासराव, भिंतीला काही लावायचं तर ठराव लागतो.”

“ताई, फक्त तासाभरासाठी.”

“मागे एकानं तासाभरासाठीच बॅनर लावलेला. त्याचा वाढदिवस तीन वेळा येऊन गेला, बॅनर आहे.”

कमिटीची बैठक झाली. वर्तमानपत्र कुठलं, यावर अर्धी. मग एकानं पानावरच्या पुढाऱ्यांच्या फोटोंना हरकत घेतली, दुसऱ्यानं त्या हरकतीला हरकत घेतली. शेवटी ठरलं, की ज्या पानावर एकही पुढारी नाही तेवढीच पानं लावावीत. अशी पानं तीनच निघाली: वधूवर, निधन, आणि एपीएमसीचे बाजारभाव. मी मधे कांद्याचे भाव लावले, डावीकडे वधूवर, उजवीकडे निधन. आयुष्याचा साधारण क्रम साधला गेला, हे मला नंतर जयमालानं दाखवून दिलं.

फोटो काढला. मधला कांदा इतका स्पष्ट, की डोळ्यांत पाणी यावं. कडेच्या उपवर मुली मात्र धुक्यात. कॅमेरा उलटा टांगून काढला, तरी तेच. मग मी फोकस मुद्दाम कोपऱ्यावर नेला. आणि चमत्कार झाला. कोपऱ्यातली ‘गृहकृत्यदक्ष, निर्व्यसनी अपेक्षा’ लख्ख वाचता आली, आणि कांदा धुक्यात गेला.

हे काय, म्हणून मी डोकं खाजवत असताना दुसऱ्या मजल्यावरचा हितेश मागे येऊन उभा राहिला. हितेशचं वाशीत टाइल्सचं दुकान आहे आणि जगातली सगळी दुःखं दिशा चुकल्यामुळे होतात, असं त्याचं मत आहे.

“साहेब, तुमचा कुठला कोपरा मऊ आहे? डावा खालचा? नैऋत्य. नैऋत्य जड पाहिजे.” त्यानं खिशातून पितळेचं कासव काढलं. असली कासवं तो खिशात का बाळगतो, हे मी विचारलं नाही. “हे कॅमेऱ्यावर ठेवून काढा.”

मी विज्ञाननिष्ठ माणूस आहे. त्यामुळे कासव मी एकदाच ठेवून पाहिलं.

फरक पडला नाही, तेव्हा हितेशनं भिंतीकडे एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाला, “मग भिंतीला पोट आहे. मधे फुगलीय. म्हणून मधलं आणि कडेचं एकदम येत नाय.”

मला ते पटलं. आपल्या वस्तूची चूक नाही, असं सांगणारं मत माणसाला लवकर पटतं. मी मान डोलावली, आणि त्या डोलावण्याचं काय झालं ते ऐका. संध्याकाळपर्यंत सोसायटीत बातमी पोचली, की विलासरावांनी कॅमेऱ्यानं तपासलं, कंपाउंडची भिंत फुगलीय, कधीही पडेल. लोकांनी भिंतीजवळच्या गाड्या हलवल्या. गाड्या हलवल्यावर त्या दुसऱ्यांच्या जागेत लागल्या. दुसऱ्यांनी तिसऱ्यांच्या जागेत लावल्या. मुलांचं क्रिकेट बंद झालं. उज्वलाताईंनी भिंत बांधणाऱ्या ठेकेदाराला बोलावून घेतलं. तो ओळंबा आणि लांब लाकडी पट्टी घेऊन आला, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, परत आला, आणि दुखावलेल्या आवाजात म्हणाला, “मॅडम, अख्ख्या सानपाड्यात एवढी सरळ भिंत दाखवा.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कांद्याचे भाव वाचू लागलो.

तर भिंत निर्दोष सुटली. उरले मूळचे दोघं. मी वाशीच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. तिथं लेन्सचा काउंटर वेगळा, कॅमेऱ्याचा वेगळा, मधे प्लॅस्टिकचं झाड. लेन्सच्या काउंटरवरच्या सोनम मॅडमनी लेन्स आत नेली, बऱ्याच वेळानं आणली. “सर, लेन्स ओके आहे. बॉडीवाल्यांना विचारा.” मी झाडाला वळसा घातला. बॉडीच्या काउंटरवर धर्मराज नावाचे गृहस्थ. त्यांनी आपली काच लावून फोटो काढले, ते कडेपर्यंत लख्ख होते. “काका, सेन्सर ओके. लेन्सवाल्यांना विचारा.” मी पुन्हा वळसा घातला. “सर, आमच्याकडून मर्यादेत आहे.” पुन्हा वळसा.

“अहो, तुम्ही दोघं एकमेकांना का नाही विचारत?” मी शेवटी म्हणालो.

दोघांनी झाडाच्या पानांतून एकमेकांकडे बघितलं. “डिपार्टमेंट वेगळं आहे ना,” धर्मराज हळू आवाजात म्हणाले.

नकाशा शाखेत मीही आयुष्यभर हेच वाक्य लोकांना ऐकवलं होतं. समोरून ते कसं ऐकू येतं, हे त्या दिवशी कळलं.

रिक्षात बसलो तेव्हा मांडीवर बॅग होती आणि बॅगेत दोन निर्दोष. भिंत निर्दोष, काच निर्दोष, पडदा निर्दोष. मग सुंदराबाईंचं तोंड पुसलं कुणी? संशयितांत आता एकच माणूस उरत होता, आणि तो रिक्षाचं भाडं देत होता.

इकडे लग्न जवळ आलं. कमळाकरशेठच्या घरी पापड लाटायला बायका जमायच्या, पण लाटण्यांचा आवाज सुद्धा मुका वाटायचा. विमलबाई खिडकीशी बसून एखादी ओळ हलकेच सोडायच्या आणि वाट बघायच्या. ओळ खाडीकडे जायची, परत यायची नाही. रंजिता पहिल्यांदा माझ्याशी बोलली ती जिन्यात. “काका, आजी एकटीच ओळ म्हणते आणि थांबते. मला ते थांबणं ऐकवत नाही.” एवढंच बोलून ती खाली गेली. दोष देऊन गेली असती तर बरं झालं असतं.

मी वर गेलो आणि शेठना म्हणालो, “मला जासईला न्या. मी तिथं जाऊन, त्यांच्या अंगणात फोटो काढतो. बिघडला तर कॅमेरा तिथंच ठेवून येतो.”

“एकट्या काकीचा नको,” विमलबाई खिडकीतून म्हणाल्या. “एकटीचा काडशील तं बोलंल, मना येगली काडली. सगल्यांना घे.”

रविवारी दोन टेम्पो भरून भावकी निघाली. कंटेनरच्या ट्रेलरांची रांग ओलांडत, हॉर्न वाजवत, साखरपुड्याच्याच साड्या नेसून. जयमालाही आली. “तुम्हाला मारलं तर कुणीतरी हवं ना सांगायला,” असं म्हणाली, पण येताना तिनं माझ्यासाठी टोपी घेतली होती.

सुंदराबाई अंगणात खाटेवर बसून होत्या. दोन टेम्पोंतून सगळं गोत उतरलं तरी उठल्या नाहीत. “चा ठेव गो,” एवढंच आतल्या सुनेला म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, “आला का पुसन्या?”

मी मान खाली घातली आणि पिशवीतून सुतळी काढली. हो, सुतळी. माणसाचा हात सवयीकडेच जातो. अंगणात रेघ मारली आणि म्हणालो, “सगळ्यांनी बोटं रेघेला लावायची.”

“मी मधी,” सुंदराबाई खाटेवरून म्हणाल्या.

“तुम्हीच मधे, काकी.”

त्या येऊन मधे उभ्या राहिल्या. रांग लागली. पण आता डाव्या टोकाला आलेली कुंदनची बायको म्हणाली, “मंग माझा तोंड पुसनार का?” आणि ती पळत जाऊन मधे घुसली. तिच्या जागी जो टोकाला आला तो दत्तूमामा. “मी म्हातारा मानूस, माझा हाच फोटो हारान लावतील,” म्हणून तोही मधे. उजवीकडेही तेच. टोकाला येणारा प्रत्येकजण टोक सोडून पळत होता आणि पळाल्यावर नवं टोक तयार होत होतं. कमळाकरशेठ ओरडून दमले. मी रेघ दाखवून दमलो. लहान मुलं मोठ्यांच्या पायांतून मधे शिरत होती. कोंबड्या छपरावर गेल्या. अख्खी भावकी अंगणाच्या मध्यावर गोळा झाली, आणि रेघ दोन्ही बाजूंनी रिकामी, एखाद्या न बांधलेल्या रस्त्यासारखी.

“कडेला कोन उभा ऱ्हानार?” शेठनी कपाळ पुसत विचारलं. 

विमलबाई इतका वेळ ओसरीवर होत्या. त्या खाली उतरल्या. “अरं, गौरीचे नाचाला कसं उभं ऱ्हाता? फेर धरा गो. फेराला कुठली कड?” आणि सरळ जाऊन त्यांनी सुंदराबाईंचा हात धरला. मोठ्या जावेनं धाकटीचा. सुंदराबाईंनी हात सोडवला नाही, पण बघितलंही नाही. दुसऱ्या हातानं विमलबाईंनी कुंदनच्या बायकोला धरलं, तिनं पुढच्या बाईला. एकीचा हात दुसरीच्या हातात, असा फेर धरला गेला. मी आखलेली रेघ त्यांच्या पायांनी पुसली गेली.

“पाठी दिसतील सगळ्यांच्या,” मी कळवळून म्हणालो.

“मंग तुजेकडं पाठ हाय त्यांना सांग, दोन्ही अंगाला सरका,” विमलबाई म्हणाल्या. कॅमेऱ्याकडची माणसं दोन्ही बाजूंना सरकली. फेर माझ्या बाजूनं उघडला. द्वितीयेच्या चंद्रासारखी माणसांची एक कोर, दोन्ही टोकं माझ्याकडे पुढे आलेली. डाव्या टोकाला, कुणाच्याही लक्षात न येता, सुंदराबाई.

रांग वाकडी होती. माझा जीव तुटत होता. तरी मी फोटो काढला, आणि मागच्या पडद्यावर तो मोठा करत करत डाव्या कोपऱ्यात गेलो.

नथीतला मोती दिसला. मोत्यावरचं ऊन दिसलं. कपाळावरच्या हिरव्या गोंदणाचा ठिपका दिसला, आणि रागावलेल्या ओठांच्या कडेला, रागाला न सांगता आलेलं थोडंसं हसू.

मी उजवीकडे गेलो. लख्ख. मधे रंजिता. लख्ख. मग मला ते भिंतीवरचं आठवलं. कोपरा धरला की कांदा सुटत होता, कांदा धरला की कोपरा. काच खोटी नव्हतीच. तिची नजरच परातीसारखी खोलगट होती, कडा पुढे आलेली. तिला जे दिसत होतं ते गोल होतं, आणि मी सगळ्या जगाला पकडून खडूच्या रेघेवर उभं करत होतो. सगळ्यांना तिच्यापासून सारख्या अंतरावर उभं केलं असतं, तर तिनं पहिल्याच दिवशी कुणाला वगळलं नसतं.

“आला का?” सुंदराबाईंनी विचारलं. आवाज कडक होता, पण मान लांब झाली होती.

मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग पदराच्या टोकानं त्यांनी पडदा पुसला, आणि पुन्हा बघितलं.

“नथ मोडलेली दिसतंय,” त्या म्हणाल्या. “सोनाराकडं टाकाया पायजे लग्नाचे आधी.”

लग्नाचे आधी. कमळाकरशेठनी माझा खांदा इतका जोरात दाबला, की तो अजून दुखतो आणि मी त्याला औषध लावलेलं नाही.

“आता तू ये,” सुंदराबाई मला म्हणाल्या. “तुझी बायको पन. फेरान सगले पायजेत.”

मी कॅमेरा स्टूलवर ठेवला, टायमर लावला आणि पळालो. जयमालानं उजव्या टोकाला माझ्यासाठी हात पुढे केला होता. मी पोचलो, हात धरला, आणि त्याच क्षणी खटका वाजला.

लग्नाआधी शेठनी हाच फोटो मोठा करून आणला. सोफा पुन्हा हलला. सगळी भावकी कडेपर्यंत स्पष्ट, कोंबड्यांसकट. सुंदराबाई आल्या, कमरेवर हात ठेवून फोटोसमोर उभ्या राहिल्या, डावीकडून उजवीकडे एकेक चेहरा बघत गेल्या आणि उजव्या टोकाला थांबल्या. तिथं जयमालाचा हात धरलेला, टोपी घातलेला, पांढुरका, दुधाच्या सायीसारखा कुणीतरी होता.

“यो कोन?” त्यांनी विचारलं.

“मी,” मी म्हणालो. “धावत होतो तेव्हा. मी दुसरा काढतो, काकी, पाच मिनिटांत.”

“आसूं दे,” त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. “वलकू येतंय.”

हळदीच्या दिवशी मांडवात दोन्ही जावा मांडीला मांडी लावून बसल्या. रंजिताच्या गालाला पहिली हळद लागली आणि विमलबाईंनी ओळ सोडली. मी कोपऱ्यात, खांबाशी, कॅमेरा न घेता उभा होतो. नेहमीच्या चार धवल्यांनंतर त्यांनी तिरक्या नजरेनं माझ्याकडे बघितलं आणि नवीच ओळ सोडली:

*काच नाय खोटी गो, डबा नाय खोटा,*
*रांग व्हती सरल गो, सायबाचा हट्ट मोठा.*

ओळ मांडवावरून फिरली, आणि ती खाली यायच्या आत सुंदराबाईंनी वरच्यावर झेलली:

*फेर धरिला जावांनी गो, सायेब आला धावत,*
*पुसला त्याचा तोंड गो, तरी बायको हात सोडीत नाय.*

यमक जुळलं नाही, असं मी जयमालाच्या कानात म्हणालो.

“सरळच पाहिजे का सगळं?” ती म्हणाली. हळदीनं पिवळा झालेला तिचा हात माझ्या हातात होता, आणि मांडवातल्या बायका तीच ओळ पुन्हा म्हणत होत्या.